अण्णांच्या पोटातली चार दारं

आमच्या घरात 'गरम' या शब्दावर दोन माणसांचा हक्क आहे. एक माझे वडील, भरमगोंडा मगदूम, ज्यांना अख्खं मिरज अण्णा आचारी म्हणून ओळखतं. दुसरी माझी बायको त्रिशला, जी वीज वळवणाऱ्या यंत्रांची इंजिनिअर आहे. अण्णांच्या मते ताटात गरम आलं नाही तर ते जेवणच नव्हे. त्रिशलाच्या मते कुठलीही वस्तू विनाकारण गरम झाली, की कुणीतरी कुठंतरी आळस केलेला असतो. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे दोघंही मला या वादात धरत नाहीत. पण वाद ऐकायला मीच लागतो.

काही वर्षांपूर्वी अण्णांचं हृदय थकलं. दोन पायऱ्या चढले तरी धाप लागायची. डॉक्टर मुजावरांनी त्यांच्या छातीत एक पंप बसवला. लहान मुलाच्या मुठीएवढा. हृदय जेवढं रक्त ढकलू शकत नाही, तेवढं हा ढकलतो. अशा पंपांचं आता कुणाला नवल वाटत नाही. आमच्या गल्लीतच दोघांना आहेत. पंप उत्तम. वैताग आहे तो वायरीचा. पंपाला वीज हवी, म्हणून पोटाला भोक पाडून एक वायर बाहेर काढतात आणि ती खांद्यावरच्या पिशवीतल्या बॅटरीला जोडतात. ते भोक म्हणजे कायमची उघडी जखम. त्याला पाणी चालत नाही, घाम चालत नाही, वाफ तर नाहीच नाही. आता आचाऱ्याला घाम आणि वाफ वर्ज्य करायची, म्हणजे मला वर्गातला नकाशा वर्ज्य करण्यासारखंच झालं.

मग अण्णा मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडायला लागले. काहिलीपाशी, म्हणजे त्या अजस्र कढईपाशी, उभा राहायचा त्यांचा जुना साथीदार जिन्नाप्पा. खपली गव्हाची खीर ही अण्णांची ओळख. आमच्या जैन समाजात पूजा असो की लग्न, पंगतीत खीर अण्णांच्या हातची, असं ठरलेलंच असायचं. ती तासन्‌तास घोटावी लागते, गूळ पडला की हात थांबवून चालत नाही. खुर्चीवरून ते कसं जमणार? खीर खाली लागायची, लोक तोंडदेखलं छान म्हणायचे आणि अण्णा घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून पडायचे. आई गेली तेव्हाही मी त्यांना इतकं हरलेलं पाहिलं नव्हतं.

"मला जगवलंसा ते बरं केलंसा," एकदा ते डॉक्टरांना म्हणाले, "पर कशापायी, ते बी सांगा की."

डॉक्टर मुजावरांनी त्रिशलाकडे पाहिलं, कारण उत्तर तिच्याकडे तयार होत होतं. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतली तिची कंपनी बिनवायरीच्या पंपाचा विजेचा भाग बनवत होती. पोटावर बांधायचा पट्टा, पट्ट्यात तांब्याचं वेटोळं. कातडीखाली रुपयापेक्षा थोडी मोठी चकती, तिच्यातही वेटोळं. बाहेरच्या वेटोळ्यात वीज हेलकावली की आतल्यात आपोआप हेलकावते. भोक नको, वायर नको. पट्टा काढून माणूस खुशाल आंघोळ करू शकतो, तेवढा वेळ आतली छोटी बॅटरी पंप चालवते. चकती बसवायच्या पेशंटांच्या यादीत आपल्या सासऱ्यांचं नाव आहे, हे त्रिशलानं कंपनीला आणि रुग्णालयाला आधीच कळवलं होतं. तपासणी बाहेरची माणसं करणार होती, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती.

चकतीतला सगळ्यात अवघड भाग तिनं आम्हाला जेवताना सांगितला. अण्णांना अशा गोष्टी ऐकायला आवडतात, फक्त ते तसं दाखवत नाहीत.

"आतल्या वेटोळ्यात येणारी वीज एका सेकंदात लाखो वेळा पुढं-मागं होते, अण्णा. पंपाला ती एकाच दिशेनं हवी. त्यासाठी डायोड लागतात. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. पुढं जाऊ देतं, मागं येऊ देत नाही."

"मग लाव की एक दार. त्यात काय एवढं?"

"साधं दार फार सावकाश मिटतं. इतक्या वेगात ते मिटेपर्यंत वीज उलटी फिरलेली असते, आणि मधल्यामध्ये दार तापतं. म्हणून आम्ही झटक्यात मिटणारी दारं वापरतो. त्यांना शॉट्की म्हणतात. पण ती अंगानं जरा नाजूक. मागून फार रेटा आला की मोडतात."

मग दारं मांडायची कशी, हा प्रश्न. एक जुनी रीत चार दारांची. वीज कुठल्याही बाजूनं आली तरी चारांतली समोरासमोरची दोन उघडतात. पण मग प्रत्येक खेपेला विजेला दोन दारं ओलांडावी लागतात, आणि प्रत्येक दार थोडी वीज खाऊन तिची उष्णता करतं. दुसरी रीत दोन दारांची. वेटोळ्याला मधोमध फाटा काढायचा. एका हेलकाव्याला एक दार, दुसऱ्याला दुसरं. खेपेला एकच दार, म्हणजे उष्णता निम्मी. तिसरीही एक रीत होती. दारांऐवजी हुकमावर उघडझाप करणारे स्विच लावायचे, ते जवळजवळ तापतच नाहीत. पण हुकूम देणारा मेंदू बाहेरच्या खरखरीनं गोंधळला आणि दोन्ही स्विच एकदम उघडले, तर सगळंच बसतं. चाचणीत तसं झालंही होतं, म्हणून ती रीत पहिल्या खेपेला बाद.

"कातडीखाली उष्णता नको," त्रिशला म्हणाली. "अंगाच्या उष्णतेपेक्षा दोन अंशांच्या वर गेलं की मांस हळूहळू दुखावतं. म्हणून दोन दारं. अण्णांच्या पोटाला एक अंशसुद्धा कळणार नाही."

असं बोलताना तिचा चेहरा काय फुलला होता! ही रचना तिनं स्वतः निवडली होती, तिच्यासाठी साहेबांशी भांडली होती. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "आन्‌ काहिलीम्होरं उभं ऱ्हाता येईल न्हवं?"

"येईल. फक्त चकतीच्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे इंडक्शन चुलीपासून हातभर लांब राहायचं."

"चुलीपासनं तर हातभरच ऱ्हातोय की. जाळात कोण शिरतंय?"

सगळे हसले. प्रश्न मिटला असं आम्हाला तिघांनाही वाटलं.

शस्त्रक्रियेच्या काही महिने आधी बेडग रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात एक लग्न होतं. मांडवातले लाकूडफाटा आणि गॅस आता बंद झाले आहेत. मोठ्या कार्यालयांतून चौथऱ्याएवढ्या इंडक्शन चुली बसल्यात. अण्णांनीही तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर टाकून तळ सपाट असलेल्या लोखंडी काहिली करून घेतल्या. त्रिशला वधूपक्षाच्या ओळखीची, म्हणून आम्ही दोघं जेवायला गेलो होतो. जेवण्याआधी ती अण्णांना भेटायला मागच्या बाजूला गेली आणि मीही मागोमाग गेलो.

खीर होत आली होती. शेवटी काहील एका अंगाला कलवून तळाची खीर खरवडून घ्यायची असते, आणि ते काम अण्णांना दुसऱ्याच्या हातून बघवत नाही. आम्ही पोचलो तेव्हा ते खुर्चीतून उठलेच होते. पिशवी पाठीवर सारली, फडक्यानं काहिलीची कड धरली, चुलीच्या कठड्याला पोट टेकवलं आणि आपल्या बाजूची कड उचलून काहील पलीकडे कलवली. जिन्नाप्पा खरवडायला लागला.

"अण्णा, मागं व्हा!" त्रिशला ओरडली. मांडवातली निम्मी माणसं वळून बघायला लागली.

"का? काय झालं?"

"चूल चालू आहे!"

"चूल?" अण्णांनी खरंच खाली वाकून पाहिलं. "जाळ कुठं हाय? याला चूल म्हनत्यात व्हय? ही तर टेबल हाय. ह्यात भाजाय काय हाय?"

त्या दिवशी धोका काही नव्हता. अजून चकती पोटात गेलीच नव्हती, वायरीच्या पंपाला चुलीचं काही वाटत नाही. पण त्रिशला पांढरीफटक पडली होती. जेवताना तिनं खिरीला बोटही लावलं नाही आणि मग गाडीत मला समजावून सांगितलं. या चुलीच्या काचेखालीही तांब्याचं वेटोळं असतं. त्यातल्या हेलकाव्यानं लोखंडी भांड्याचा तळ तापतो. भांडं नीट बसलेलं असलं की हेलकावा भांड्यातच जिरतो. भांडं उचललं की चूल आपण होऊन बंद होते. पण काहील नुसती कलली, तर चुलीला वाटतं भांडं आहेच, आणि उघड्या बाजूनं हेलकावा बाहेर पडतो. त्या उघड्या बाजूला आमच्या अण्णांचं पोट, आणि पोटात दुसरं वेटोळं.

"आम्ही मोबाइलचे टॉवर तपासले, विमानतळाची दारं तपासली, घरातली चूल हातभरावरून तपासली," ती म्हणाली. "आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही की कुणी चालू चुलीला पोट लावून काहील कलवेल."

"कारण तसं कुणी करत नाही," मी म्हणालो.

"आपल्या घरात करतात."

पुढच्या रविवारी सकाळी अण्णांच्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये, त्यांच्या स्वतःच्या मोठ्या चुलीवर, तिनं चाचणी लावली. खाऱ्या पाण्याची जेली करून तिचा पोटाएवढा थर केला. मीठ घातलेली जेली विजेला आणि उष्णतेला माणसाच्या मांसासारखीच वाटते म्हणे. जेलीत चकती बसवली, वर पट्टा बांधला आणि हे सगळं एका परातीत घालून कठड्याला टेकवलं. काहिलीत नुसतं पाणी. अण्णा लांब उभे, जिन्नाप्पाच्या हातात काहिलीची कड.

"ह्येला बी मीठ जास्त झालंय," जेली चाखून बघितल्यासारखा चेहरा करून जिन्नाप्पा म्हणाला. त्रिशला हसली नाही.

काहील सरळ होती तोवर सगळं ठीक. जिन्नाप्पानं ती कलवली. त्रिशलाच्या मोजणीयंत्रावरची रेघ वर उडाली आणि पट्ट्यावरचा हिरवा दिवा विझला. थोड्या वेळानं तिनं जेलीत बोट घातलं आणि पटकन बाहेर काढलं.

दोन दारांच्या रचनेत उष्णता निम्मी होते, पण बंद असलेल्या दारावर रेटा दुप्पट येतो. फाट्याच्या दोन्ही अंगांचा रेटा एकदम त्याच्यावरच. एरवी दार तो सहन करतं. त्यात चुलीनं स्वतःची भर घातली आणि दार मोडलं. मोडलेलं दार मिटत नाही, उघडंच राहतं, मग निम्मं वेटोळं स्वतःभोवतीच वीज फिरवून तापत बसतं. आतल्या बॅटरीवर पंप रुग्णालय गाठेपर्यंत चालला असता. पण पोट भाजलं असतं ते भाजलंच असतं.

मला जे वाटलं ते मी तिथंच बोलून टाकलं. "सोपं आहे. अण्णांनी मांडवात जायचंच नाही. थंड चकती बसवून घ्यायची, घरी सुखानं राहायचं."

अण्णा परातीतली जेली बघत राहिले.

"चार दारं लावली तर?" त्रिशला स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "चारांत बंद दारावर एकेरीच रेटा येतो. शिवाय दारं जरा दणकट घेतली, सिलिकॉन कार्बाइडची, तर चूल काही करू शकणार नाही. पण अण्णा, ती वीज जास्त खातात. पोट सतत ऊबदार राहील. दीड अंश, कधी थोडं वर. बॅटरीही लवकर उतरेल."

"त्यांना कशाला विचारतेस?" मी चिडलो. "पेशंटला कुणी डायोड विचारतं का?"

"पोट त्यांचं आहे, सुकुमार."

घरी जाऊन आम्ही जे भांडलो, ते गल्लीनं ऐकलं असणार. माझं म्हणणं एकच होतं, वडील हवेत; आचारी नसले तरी चालतील. तिचं म्हणणं, आचारी नसलेले अण्णा आपण वर्षभर पाहिले, ते मला पुन्हा बघायचे नाहीत. मला राग आला, कारण ती म्हणत होती ते खरं होतं आणि ते मुलाआधी सुनेला दिसलं होतं.

कंपनीत तिची लढाई वेगळी होती. तिचे साहेब किणीकर मुळात चांगला माणूस. पण दोन दारांचा थंडपणा त्यांनी सगळीकडे अभिमानानं सांगितला होता. तिनं आधी जेलीची चाचणी त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखवली, दिवा विझला तेव्हा ते खुर्चीतून उठलेच.

"पण चार दारं म्हणजे दुप्पट उष्णता, मॅडम. कागदावर आपण सगळ्यांच्या मागं पडू."

"कागद मांडवात उभा राहत नाही, सर. माझे सासरे राहतात."

किणीकरांनी दोन दिवस हिशेब केले आणि मग दोन्ही प्रकारच्या चकत्या बनवायला सांगितल्या. ज्याला घरात-ऑफिसात राहायचं त्याला थंड चकती. ज्याचं काम चुलीशी, वेल्डिंगशी, भट्टीशी, त्याला चार दारांची. आणि बसवण्याआधी डॉक्टरांनी प्रत्येकाला विचारायचं, की दिवसभरात तुम्ही कुठं आणि कसे उभे राहता. इतका साधा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता.

डॉक्टर मुजावर मात्र नुसतं ऐकून निर्णय घेणारे नव्हते. त्यांनी अण्णांच्या पोटावर तेवढीच ऊब देणारी एक पट्टी बांधली आणि पाहू या म्हणाले. ऐन मे महिना होता. पहिले काही दिवस अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. पंखा इकडं करा, ताक आणा, ही काय पोटात शेगडी घातलीय. मला वाटलं, चला, आता थंड चकतीवर येतील. पण आठवड्याभरानं तक्रार बंद झाली. मी विचारलं, पट्टी कशी आहे? त्यांनी पोटाकडे पाहिलं. पट्टी आहे हेच ते विसरले होते.

"काय ठरवलं अण्णा?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार दारंवालीच घाला. आयुष्यभर पोट चुलीला लावूनच उभा ऱ्हायलोय, सायेब. आता थंड पोट घेऊन काय करू?"

त्रिशलानं एक अट घातली. काहील कलवण्याआधी चूल बंद करायची. अण्णा कुरकुरले, तळ निवला की खीर धरते म्हणाले, पण शेवटी कबूल झाले. त्या रात्री ती मला म्हणाली, "अण्णा शब्द पाळतील रे. त्यांचं पोट पाळणार नाही. म्हणून तर चार दारं."

दिवाळीनंतर बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, पूजेला पंगत होती. चकती बसवून तीन महिने झाले होते, टाके सुकले होते, पट्टा अंगाला बसला होता. वर्षापेक्षा जास्त काळानं अण्णा पहिल्यांदा काहिलीपाशी उभे राहणार, हे गावभर झालं होतं. आम्ही सकाळीच जाऊन पोचलो. धोतर, अंगात बनियन, त्यावर पट्टा, हातात लांब दांड्याचं लाकडी उलथनं. अण्णा घोटत होते आणि जिन्नाप्पा शेजारी उभा राहून त्यांच्यावरच हुकूम सोडत होता. इतक्या दिवसांची सवय लागली होती त्याला. अण्णा त्याला शिव्या घालत होते आणि काय खुशीत घालत होते! बाया कौतुकानं बघत होत्या. माझे डोळे भरून आले. मी धुराचं कारण सांगितलं असतं, पण मांडवात धूरच नव्हता.

खीर झाली. वेलदोड्याचा वास सुटला. आणि मग जे होणार होतं तेच झालं. अण्णा कुणाशी तरी बोलत होते, बोलता बोलता त्यांनी फडकं घेतलं, काहिलीची कड धरली, पोट कठड्याला टेकवलं आणि ती उचलून काहील पलीकडे कलवली. चूल चालू होती.

त्रिशला माझ्या शेजारून कशी गेली ते मला कळलं नाही. तिनं आधी चूल बंद केली. मग अण्णांसमोर उभी राहिली. आमच्याकडे सून सासऱ्यांच्या पाया पडते, एवढाच काय तो स्पर्श. अण्णांसमोर तर तिनं कधी मोठ्यानं हाकही मारलेली नव्हती, मंगल कार्यालयातल्या त्या एका दिवसाशिवाय. ती साऱ्या बायकांदेखत त्यांच्या पोटावर हात ठेवून उभी राहिली, पट्ट्याच्या खाली, चकती जिथं होती तिथं. एकदा तळहात, मग उलटा हात, जसा आपण तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो. अण्णांच्या हातातली काहील अजून कललेलीच होती आणि त्यांना ती ना सोडता येत होती ना सरळ करता येत होती.

पट्ट्यावरचा दिवा हिरवा होता. पंप आपल्या चालीनं चालला होता. तरी तिनं हात काढला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिच्या खांद्यातला ताठपणा एकदम उतरला.

"ऊबदार आहे," ती म्हणाली. "नुसतं ऊबदार आहे, अण्णा." आणि तिला रडू फुटलं.

सगळ्यांसमोर चुकलेले अण्णा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडून माफी निघणार नाही, हे मला ठाऊक होतं. ती त्यांना येतच नाही. त्यांनी काहील हलकेच सरळ केली, फडकं खांद्यावर टाकलं आणि स्वतःच्या मुलीशी बोलावं तसं बोलले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या आवाजात ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"झालं मोजून? मग हात धू आन्‌ खीर वाढाय घे. तुझ्या हातनं पयली पंगत जाऊ दे."

त्रिशलानं पदरानं डोळे पुसले आणि हात धुवायला गेली. मी पत्रावळी मांडायला घेतल्या.